भागीच्या नावाने

तारापूर
२० नोव्हेंबर २०२४

मंदे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला शाई घालवत नाही.

फोन करू नको म्हणालीस, म्हणून करत नाही. तुला कमी ऐकू येतं, तू स्पीकर लावतेस, आणि मग सुनेपासून भाऊजींच्या दुकानातल्या गिऱ्हाइकापर्यंत सगळे ऐकतात, हे तुझं खरं आहे. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा दाराशी तूच असतेस, म्हणून हे पत्र. पण छातीतली गाठ पत्रं वाचून विरघळत नाही. रिपोर्ट येऊन महिना होत आला. ऑपरेशन करा, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी आपल्या दोघींसमोर स्वच्छ मराठीत सांगितलं. शांतारामभाऊजींना तू अजून सांगितलं नाहीस ना? वाटलंच होतं.

बोईसरचा तो बायकांचा गट कसा आहे, यायचं का, असं विचारलंस. ऐक. गटाचं नाव 'गुलाबी उभारी'. पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी, एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं. सगळ्या जणी छातीच्या कॅन्सरमधून गेलेल्या किंवा जात असलेल्या. मुख्य म्हणजे रुचितामॅडम, नवरा कारखान्यात मोठा साहेब. त्यांनाही झाला होता, नखाएवढा, पण त्यावरचं भाषण काही नखाएवढं नसतं. तिथे 'पेशंट' म्हणायचं नाही, 'विजेती' म्हणायचं. गोल बसायचं, हात धरायचे, डोळे मिटायचे आणि तीनदा म्हणायचं, 'मी सुंदर आहे.' मी पस्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. अर्धं डोकं टक्कल, एक बाजू सपाट, आणि मी सुंदर? जळलं मेलं ते सौंदर्य. मग केक. मग फोटो. फोटोत हसलं नाही तर परत काढतात.

एक मात्र कबूल करते. ऑपरेशननंतर काखेत धरायला हृदयाच्या आकाराची उशी देतात, ती कामाची आहे. मी अजून वापरते.

आणि तिथे एकच बाई बघण्यासारखी आहे, भागी. वाणगावच्या पूर्वेला डोंगराकडच्या पाड्यावरची, पस्तिशीची, तीन पोरांची आई. मे महिन्यात तिची एक बाजू काढली, त्यानंतर इंजेक्शनं सुरू झाली. 'मी सुंदर आहे' म्हणायची तिची पाळी आली तेव्हा ती उठून म्हणाली, "मला जायचं हाय, गाडी चुकंल." आणि गेली. त्या दिवशी मी दोन वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसले. ती करू शकते, तर तुला काय धाड भरली आहे?

तुझी,
हंसाताई


मनोर
३० नोव्हेंबर २०२४

हंसाताई,

पत्र मिळालं. रागावू नकोस. सलोनीचे दिवस भरत आलेत, जानेवारीत बाळंतपण. अशा वेळी सासूने खाटेवर पडायचं का? ह्यांची साखर परत वाढली आहे. त्यात मी हे सांगितलं तर ते दुकान बंद करून बसतील.

आणि राग येऊ दे, पण तुझं वेगळं आहे. तू एकटी, पेन्शनवाली. तुझ्याकडे सकाळी कोणी डबा मागत नाही. तू दोन महिने पडून राहिलीस तरी कोणाची चूल विझली नाही. म्हणून तुझं उदाहरण मला देऊ नकोस.

त्या भागीचं सांग. तिची पोरं कोण बघतं? पाणी कोण भरतं? नवरा काय म्हणाला तिला, घरी आल्यावर? एवढंच जरा विचारून कळव.

मंदा


तारापूर
९ डिसेंबर २०२४

मंदे,

माझी चूल विझली नाही, कारण ती पेटवायलाच कोणी नव्हतं. असू दे. तुझ्या जिभेला धार आहे हे बघून बरं वाटलं. भाऊजींसमोर मात्र ती म्यान होते.

भागी शनिवारीच भेटली. तुझे तिन्ही प्रश्न विचारले. पोरं सासू बघते, थोरली मुलगी दहाची आहे, तीही हाताखाली येते. पाण्याचं म्हणशील तर चौथ्या महिन्यापासून हंडा तीच आणते, उजव्या हाताने. नवऱ्याचं विचारलं तर लाजली. म्हणाली, तो म्हणाला, "जीव राहिला ना, बस." इंजेक्शनाने ओकारी येते, पण दोन दिवस, मग तिसऱ्या दिवशी ती भाकरी खाते. तब्येत ठणठणीत. तुझ्याबद्दल सांगितलं, नाव न सांगता. म्हणाली, त्या बाईला सांगा, भ्यायचं नाय.

पाड्यावरच्या बाईच्या नवऱ्याला एवढी अक्कल आहे. तुझा नवरा हार्डवेअरचं दुकान चालवतो, चार माणसांत उठतो बसतो. त्याला तू काय समजतेस?

हंसाताई


मनोर
२१ डिसेंबर २०२४

हंसाताई,

'जीव राहिला ना, बस.' हे मी किती वेळा वाचलं सांगू नये. डाळीच्या डब्याखाली तुझं पत्र ठेवलं आहे, कुकर लावताना काढून बघते.

तुझ्याबरोबर त्या हॉस्पिटलात गेले होते ना, तिथेच काल परत गेले. मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून गेले. डॉक्टर ओरडले, पण तारीख दिली. अठरा फेब्रुवारी. तोवर सलोनी मोकळी होईल. ह्यांना संक्रांतीला सांगते, गोड तोंडावर.

भागीला माझा नमस्कार सांग. आता नाव सांगितलंस तरी चालेल.

मंदा


तारापूर
६ फेब्रुवारी २०२५

मंदे,

हे लिहू नये असं वाटत होतं. पण गटाने सगळं फोनवर टाकलं आहे, तुझी सलोनी दिवसभर फोनमध्ये असते, आज ना उद्या तुझ्यासमोर येईलच. माझ्याकडून कळलेलं बरं.

भागी गेली.

तीन महिने तिचा फोन बंद होता. गटातली हेतलबेन किराण्याची पिशवी घेऊन पाड्यावर जाऊन आली. घराच्या दाराला काटे लावलेले. आजूबाजूची घरंही बंद, विचारायला माणूस नाही. आणि गटाने दिलेली ती गुलाबी उशी आणि टोपी अंगणाबाहेर फेकलेली. माणूस गेल्यावर अंथरूण-पांघरूण बाहेर टाकतात तसं. बिचारी रडत परत आली.

परवा चार तारखेला कॅन्सर दिन होता. रुचितामॅडमनी त्याच दिवशी शोकसभा घेतली. दोन कार्यक्रम एकाच हॉलच्या बुकिंगमध्ये. भागीचा फोटो मोठा करून हार घातला. मागे बॅनर, बॅनरवर भागी लहान आणि पाण्याच्या बाटल्या देणारा दुकानदार मोठा. एकीने कविता म्हटली, तिने भागीला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मला चार शब्द बोला म्हणाले. मी उभी राहिले आणि मला रडू फुटलं, मंदे. त्याचाही फोटो काढला त्यांनी.

पण तुझ्या तारखेचा याच्याशी काही संबंध नाही. तिचं दुखणं पुढे गेलेलं असेल. तुझं वेळेवर सापडलं आहे. अठराला मी येते.

हंसाताई


मनोर
१४ फेब्रुवारी २०२५

हंसाताई,

येऊ नकोस. मी तारीख रद्द केली.

ह्यांना सांगितलेलं नाही. आता सांगायचं कारणही उरलं नाही. सगळं करून ती गेली ना? बाजू काढली, केस गेले, ओकाऱ्या काढल्या, आणि शेवटी दाराला काटे. मग मी माझे उरलेले दिवस नातीला मांडीवर घेऊन काढते. हो, मुलगी झाली, पंचवीस जानेवारीला. नाव स्वरा.

मंदा


तारापूर
१७ मार्च २०२५

मंदे,

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. तीनदा लिहून फाडलं. आज लिहिते, नीट बस आणि वाच.

भागी जिवंत आहे.

होळीच्या आधी बोईसरच्या बाजारात गेले होते. पोरांच्या कपड्यांच्या हातगाडीपाशी एक बाई घासाघीस करत होती. आवाज ओळखीचा. वळून बघते तर भागी, काळी पडलेली, वाळलेली, पण दोन पायांवर उभी. मला म्हणाली, "बाय, तुमी अशा का बगता?" मी तिथेच कठड्यावर बसले.

दिवाळी झाली की तिचा सगळा पाडा भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, होळीला परत येतो. भट्टीवर नवरा-बायको अशी जोडीच कामाला घेतात, बायको नसेल तर नवऱ्यालाही कोणी उभं करत नाही. म्हणून ती गेली. फोन चार्ज करायला तिथे वीज नाही. घर बंद करून जाताना गुरं शिरू नयेत म्हणून दाराला काटे लावतात. उशीत उंदरांनी घर केलं होतं म्हणून ती फेकली, टोपीही त्याच गठ्ठ्यात गेली. यातलं काही विचारायला हेतलबेनला त्या पाड्यात माणूस भेटला नाही, आणि न विचारता आमच्या शहाण्या बायकांनी तिचा दहावा उरकला. महिनोन् महिने तिच्याबरोबर फोटो काढले, पण बाई, तू दिवाळीनंतर कुठे असतेस, एवढं एकीने विचारलं नव्हतं.

शनिवारी मी तिला हॉलवर नेली. हेतलबेनने तिला मिठी मारली आणि सोडेचना, ती एक बाई खरी. टेबलावर हार घातलेला फोटो तसाच होता. भागीने बघितला आणि म्हणाली, "फोटो चांगला हाय. घरी न्यायला द्या." रुचितामॅडमचा चेहरा दोन मिनिटं पडला होता. मग त्यांना सुचलं की पुढच्या कार्यक्रमात भागीने 'मृत्यूवर मात' या विषयावर बोलावं. नाकाने कांदे सोलणाऱ्या बाया कधी रिकाम्या बसत नाहीत.

आता पुढची तारीख घे. भागी जिवंत आहे, तुझ्याजवळ आता कारण नाही.

हंसाताई


मनोर
२४ मार्च २०२५

हंसाताई,

तुझ्या पत्रांत भागी डिसेंबरात लाजत होती, फेब्रुवारीत मेली, मार्चात बाजारात कपडे घेत होती. तुला जशी गरज पडते तशी ती जगते आणि मरते. मी ऐकायला कमी आहे, ताई, अकलेला नाही.

तूच लिहितेस की दिवाळी झाली की ती भट्टीवर जाते आणि होळीला येते. मग नऊ डिसेंबरच्या पत्रात 'शनिवारीच भेटली' ती कोण? हंडा उजव्या हाताने आणते, हे तुला कोणी सांगितलं? मला भ्यायचं नाय म्हणणारी कोण होती? आणि तो नवरा, ज्याच्या एका वाक्यावर मी एकटी हॉस्पिटलात जाऊन तारीख घेऊन आले, तो काही बोलला होता की तेही तूच बोललीस?

खरं सांगायचं असेल तरच लिही. नाहीतर सोड. गाठ आता हाताला सहज लागते, साडी नेसताना कळते. पण तुझ्या गोष्टी ऐकून मी खाटेवर चढणार नाही.

मंदा


तारापूर
३१ मार्च २०२५

मंदे,

तूच बरोबर आहेस.

नोव्हेंबरात भागी गटात येत नव्हती. डिसेंबरातही नाही. तुझे प्रश्न आले तेव्हा मी तिला शोधायला हवं होतं. वाणगाव इथून काय लांब आहे? मी बसल्या जागी उत्तरं लिहिली. हंडा माझा, सासू माझी, 'जीव राहिला ना, बस' हेही माझंच. मास्तरीण ना, रिकामी जागा दिसली की भरायची सवय. लिहिताना वाटलं, तुझं भलं होतंय, तर काय बिघडलं. गटातल्या बायकांना मी वर्षभर नावं ठेवली, त्यांनी न विचारता तिला मारली. मी न विचारता तिला जगवत होते. फरक शोधते आहे, सापडत नाही.

त्याहून लाजेची गोष्ट. पस्तीस वर्षं मी हजेरीपटावर दिवाळीनंतर अर्ध्या वर्गाच्या नावांपुढे 'स्थलांतरित' असं लिहीत आले. डोंगराकडची पोरं कधी जातात, कधी येतात, हे मला झोपेतसुद्धा सांगता येतं. आणि हेतलबेनने बंद घरं, काटे लावलेलं दार सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात हे आलंच नाही. मी रडायला उभी राहिले. भागी हजेरीपटावर नव्हती, फोटोत होती, म्हणून असेल.

मागच्या पत्रातही एक गोष्ट झाकली, तीही सांगते. भागीची आठ इंजेक्शनं होती, पाच झाली होती. बाकीची टाकून ती भट्टीवर गेली. आता हॉस्पिटलात जायला ती घाबरते. मधेच सोडलं म्हणून डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडतील, हाकलून देतील, असं तिला वाटतं. ती शूर वगैरे नाही, मंदे. शूर मी तिला केली होती, तुझ्यासाठी.

मी तिला सगळं सांगितलं, तुझ्या-माझ्या पत्रांसकट. ती आधी म्हणाली, तुमी लिवलं ते तुमी निस्तरा. मग तिने विचारलं, "ती बाय भेते का?" मी म्हटलं, फार. म्हणाली, "मग मी जाते. मला बी सोबत पायजे."

हे पत्र पोस्टाने येत नाही. ज्या बाईने ते तुझ्या हातात दिलं, ती भागी. आता तूच तिला विचार काय ते. मी मध्ये नाही.

हंसा


हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड
२६ एप्रिल २०२५

हंसाताई,

पत्र माझ्या हातात आलंच नाही. तू तिला सगळं शिकवलंस, एवढं सांगायचं राहिलं की पत्र मंदालाच द्यायचं. दार सलोनीने उघडलं. भागीला वाचता येत नाही, तिने पत्र सलोनीला दिलं आणि म्हणाली, "वाच, मला बी ऐकायचं हाय काय लिवलंय." सलोनी ओट्यावर उभी राहून मोठ्याने वाचत गेली. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. आत आले तर सून रडते आहे, एक अनोळखी बाई स्वराला मांडीवर घेऊन बसली आहे, आणि ह्यांना दुकानातून बोलावणं गेलेलं. सहा महिने लपवलेलं अर्ध्या तासात चव्हाट्यावर. त्या क्षणी तू समोर असतीस तर मी लाटणं घेतलं असतं.

हे आले. सलोनीने सांगितलं. हे उठले, कपाट उघडलं, बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. मग म्हणाले, "आधार कार्ड लागेल ना? तुझं सापडत नाही." तेवढंच. त्या माणसाला मी ऑक्टोबरपासून भीत होते.

भागी दोन दिवस राहिली. मी तिला विचारलं, नवरा खरंच काय म्हणाला. ती म्हणाली, काय पण नाय. बोलायचा तो माणूसच नाय. पण भट्टीवर पहिल्या दिवशी तिच्या वाटणीचा चिखल त्याने तुडवला, आणि मग रोज तुडवला. तुझं वाक्य चांगलं होतं, ताई, पण चिखल तुला सुचला नसता.

तिने मला धीर दिला नाही. उलट रात्रंदिवस मलाच विचारायची, डॉक्टर मारतील का, हाकलतील का, परत पहिल्यापासून टोचतील का. तिला समजावता समजावता मीच तारीख घेतली. पुढच्याच मंगळवारी आम्ही दोघी बरोबर गेलो. तिचा केसपेपरही मीच धरला. डॉक्टर तिच्यावर ओरडायला लागले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, ही दिवाळीनंतर कुठे जाते ते आधी विचारा, मग ओरडा. अख्खी ओपीडी बघत होती. मी कुठल्याही पुरुषासमोर इतक्या मोठ्याने आयुष्यात बोलले नसेन. त्यांनी तिला खरंच विचारलं. तिच्या तपासण्या परत झाल्या, औषध परत सुरू झालं आहे. लागू पडेल का, ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. दिवाळीला काय करायचं तेही ठरलेलं नाही, पण ती तेव्हा भट्टीवर जाते हे आता तिच्या कागदावर लिहिलेलं आहे.

माझं ऑपरेशन परवा झालं. डावी बाजू गेली. काखेतूनही काढलं. गाठ वाढली होती म्हणाले, फेब्रुवारीत झालं असतं तर थोडक्यात निभावलं असतं. ते तुझ्यामुळे की माझ्यामुळे, ते मी अजून ठरवलेलं नाही. एवढ्यात विचारू नकोस. पण मी आहे. दुखतं खूप. उजव्या हाताने लिहिते आहे म्हणून अक्षर तुला लागेल.

रुचितामॅडमचा फोन आला होता, भेटायला येऊ का, एक फोटो काढू का म्हणून. सलोनीने त्यांना जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. सून गुणाची निघाली.

तुला मात्र ये असं सांगते. रविवारी चारनंतर भेटायला आत सोडतात. काही समजावायचं नाही, कोणाचं उदाहरण द्यायचं नाही. खुर्ची आहे, तिच्यावर गप्प बसायचं. जमत असेल तर ये.

मंदा